विश्वासाचे तीन आरंभ

श्रीगोंद्याचे नाव मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला शेख महंमदांमुळे ठाऊक असते. मुसलमान घराण्यात जन्मलेल्या, सतराव्या शतकातील या संताने ‘योगसंग्राम’ मराठी ओवीत रचला. ईश्वरावरचा भरवसा कोणत्याही धर्मात जन्मलेल्याने मराठी भक्तीच्या भाषेत बोलून दाखवावा, ही रीत नगर जिल्ह्यात अशी जुनी आहे. शेख महंमदांचा नारायण वामन टिळकांवर थेट परिणाम झाला, असे आम्हांस म्हणावयाचे नाही. पण टिळक ख्रिस्ती होऊन नगरास आले तेव्हा त्यांच्यापुढेही हाच प्रश्न होता: धर्म बदलला, आता देवाशी बोलायचे कोणत्या भाषेत?

धर्मांतर हे बहुधा एका दिवसाची घटना म्हणून सांगितले जाते. टिळकांच्या घरात मात्र ख्रिस्ती आयुष्याचा आरंभ तीनदा झाला, आणि तिन्ही वेळा विश्वासाचा अर्थ निराळा होता.

पहिला आरंभ १० फेब्रुवारी १८९५ चा. त्या दिवशी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी आणि मुलगा दुरावले, आप्त तुटले. मात्र या उडीला खाली एक आधार होता. अमेरिकन मिशनरी नगरात १८३१ पासून होते. ‘ज्ञानोदय’ही तेथेच १८४२ मध्ये सुरू झाला होता. शाळा, छापखाना, वेतन असे एक उभे जग टिळकांना मिळाले. देवावरचा विश्वास आणि संस्थेचा आसरा यांची येथे सरमिसळ झाली. तीत लबाडी नव्हती. पण ती सरमिसळ टिळकांना पुढे टोचत राहिली, असे त्यांच्या उत्तरायुष्यावरून वाटते.

दुसरा आरंभ लक्ष्मीबाईंचा, १९०० चा. वाङ्मयाच्या वर्गात ‘स्मृतिचित्रे’ शिकवताना आम्ही त्यातील विनोदावर रेंगाळतो आणि तो एका श्रद्धेचाही इतिहास आहे हे विसरतो. लक्ष्मीबाईंनी हा नवा काळ निवडला नव्हता. तो त्यांच्यावर येऊन आदळला होता. पतीकडे परतल्यावरही त्यांचे सोवळे सुटले नव्हते. ग्रंथ वाचून किंवा वाद हरून त्या बदलल्या नाहीत. जातिभेद देवाने नव्हे, माणसाने केला, हे त्यांना एकदा आतून उमगले. मग कोणाच्या हातचे पाणी चालते आणि कोणाच्या हातचे नाही, हा हिशेब गळून पडला. स्वयंपाकघरातली भिंत आधी पडली, बाप्तिस्मा नंतर झाला. टिळकांनी उडी घेतली. लक्ष्मीबाई पायरी पायरीने, प्रत्येक पायरी चाचपून पाहत आल्या.

तिसरा आरंभ १९१७ चा. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी टिळकांनी मिशनची नोकरी आणि वेतन सोडले आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त तेथे एकत्र यावेत, अशी कल्पना होती. १८९५ मध्ये ज्या आधारावर पाय टेकले होते तोच आता त्यांनी काढून घेतला. आमच्या मते विश्वासाची खरी कसोटी येथे आहे. नव्याने आलेल्याला काही सोडणे भाग असते, पण स्थिरावलेल्याने आपण होऊन सोडणे अवघड. अर्थात संन्यास एकाचा असला तरी वेतन अवघ्या घराचे होते, हेही विसरून चालणार नाही. त्या धाडसाची किंमत लक्ष्मीबाईंनीही मोजली.

९ मे १९१९ रोजी टिळक वारले आणि दरबार फार काळ टिकला नाही. हिशेबी दृष्टीने हे अपयशच. पण टिळकांची पदे मराठी चर्चमध्ये आजही गायिली जातात, आणि त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. अक्षरओळख जेमतेम असलेल्या बाईने कवीचे महाकाव्य हाती घ्यावे, हा आमच्या लेखी चौथा आरंभ. त्याची तारीख कोणी नोंदवून ठेवलेली नाही.

म्हणून ‘देवावर भरवसा ठेवून नवा काळ सुरू केला’ असे वाक्य चरित्रात भेटले की विद्यार्थ्यांनी दोन प्रश्न विचारावेत. हाताशी असलेली कोणती हमी त्या माणसाने सोडली? आणि त्याच्याबरोबर ती आणखी कोणाची सुटली? टिळकांचे अभंग पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतात. दुसऱ्यासाठी ‘स्मृतिचित्रे’ उघडावी लागतात.