‘आधी’ आणि ‘मुळे’: चरणजित सिंग यांच्या तबकडीची हकीकत

आज एका तबकडीबद्दल बोलायचंय. नाव ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’. कलाकार चरणजित सिंग, मुंबईत हिंदी सिनेमाच्या गाण्यांना वर्षानुवर्षं साथ केलेले वादक. १९८२ साली त्यांनी ही तबकडी ध्वनिमुद्रित केली, एचएमव्हीनं काढली. फारशी खपली नाही. २०१० मध्ये एका डच कंपनीनं ती पुन्हा काढली, आणि एक वाक्य जगभर पसरलं: ‘अ‍ॅसिड हाउस’ हे संगीत शिकागोत नाही, मुंबईत जन्मलं! आपल्याला हे ऐकायला गोड वाटतं. म्हणूनच ते तपासून घ्यायला हवं.

आधी खरं काय ते बघू. सिंग यांच्यापुढे रोलँड कंपनीची तीन यंत्रं होती. तालाला टीआर-८०८, खालच्या सुरांना टीबी-३०३ आणि रागाच्या सुरावटीला ज्युपिटर-८. आवाजातलं साम्य इतकं थक्क करणारं, की काहींना वाटलं, ही कुणीतरी अलीकडे केलेली थट्टा असावी. तसं नाही. एचएमव्हीच्या मूळ प्रती आहेत, आणि सिंग यांनी पुढे उतारवयात युरोपात याच यंत्रांवर कार्यक्रमही केले. २०१५ मध्ये ते गेले.

मग चूक कुठे होते? ‘आधी’ आणि ‘मुळे’ यांची गल्लत होते तिथे. ३०३ हे यंत्र बास गिटारवाल्याची जागा घेईल म्हणून काढलेलं. ते चाललं नाही, १९८४ मध्ये बंद पडलं आणि जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागलं. शिकागोतल्या ‘फ्यूचर’ या गटातल्या कृष्णवर्णीय तरुणांच्या हाती ते असंच लागलं. यंत्र वाजत असतानाच त्यांनी त्याची बटणं पिळली, तसा आवाज चिरकत, गुरगुरत बदलत गेला. १९८७ ची ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ ती हीच. त्यांनी मुंबईची तबकडी ऐकली होती, याला काहीही पुरावा नाही.

आणि सिंग काय शोधत होते? नाव वाचा ना, त्यातच आहे. राग आणि डिस्को. ‘कुर्बानी’ १९८० चा, ‘डिस्को दीवाने’ १९८१ ची. हवाच ती होती. ३०३ मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय आहे. मींड ऐकत वाढलेल्या कानाला ती जवळची वाटली तर नवल काय? भैरव, यमन, मालकंस असे दहा राग त्यांनी त्या ठेक्यावर बसवले.

त्यांना ‘अ‍ॅसिड हाउसचे जनक’ म्हटलं, की शिकागोच्या पोरांचा शोध आपण हिरावून घेतो. आणि सिंग यांचं स्वतःचं काम? तेही दुसऱ्याच्या गोष्टीची प्रस्तावना होऊन बसतं. तेव्हा घरी गेल्यावर ‘पहिला कोण’ हे बाजूला ठेवा, आणि त्यांचा भैरव भैरव म्हणून ऐका.