भारूडातला टोमणा आणि गाडगेबाबांचे प्रश्न



दिंडीच्या मुक्कामाला भारूड लागलं की पोरंटोरं पुढं येऊन बसतात, सोंग बघून हसतात. हसावंच. पण नाथबाबांनी ते नुसतं हसवायला लिहिलं नाही. नाथबाबा पैठणच्या ब्राह्मण घराण्यातले. 1599 साली त्यांनी गोदावरीत देह ठेवला. त्या काळी महारानं वेस राखायची, चावडीचे निरोप पोचवायचे आणि धन्यापुढं लांबून वाकून जोहार घालायचा. नाथांनी तोच जोहार उचलला. भारूडातला महार रीतीप्रमाणं वाकतो, आणि वाकल्या वाकल्या गावाला त्याच्या करणीचा जाब विचारतो. ज्याची सावली नको, त्याच्याच तोंडून ज्ञान ऐकायचं! बरं, तो इतका नम्र की त्याच्यावर रागवायला कारणही सापडत नाही.

हेच काम पुढं गाडगेबाबांनी प्रश्न विचारून केलं. बाबा म्हणजे डेबूजी, जन्म 1876, गाव शेंडगाव, जिल्हा अमरावती, जात परीट. वाढले दापुऱ्याला मामाकडं. मामा सावकाराचं कर्ज फेडत राहिला, पण कागदावर काय लिहिलंय ते वाचता येईना. शेवटी चांगली जमीन सावकारानं घशात घातली. हे डोळ्यानं पाहिलेला माणूस कीर्तनाला उभा राहिला, मग काय बोलणार?

दिवसा हातात खराटा, अंगावर चिंध्या. गाव झाडताना कुणी ओळखत नसे. रात्री तोच माणूस कीर्तनाला उभा. वऱ्हाडी बोलीत साधंभोळं विचारायचे, देवाला आंघोळ कोण घालतं? धोतर कोण नेसवतं? निवदावर कुत्रं आलं तर काठी कोण उचलतं? लोक खदखदा हसत उत्तर द्यायचे, आणि उत्तर देता देता आपणच अडकायचे. देवाला नेसवायला सगळे पुढं, आणि पायरीवरचा उघडा माणूस कुणाला दिसेना, हे बाबांना वेगळं सांगावं लागत नसे. सण-लग्नाला कर्ज काढणाऱ्यालाही त्यांनी असंच पकडलं. ताट मोडा, हातावर भाकरी खा, पण पोराला शाळेत घाला, हा त्यांचा सांगावा.

आता आमच्या कीर्तनकार मंडळींना एक सांगतो, राग नसावा. हल्ली विनोद होतो तो दारुड्याच्या बायकोवर, अडाणी सुनेवर. पुढच्या गादीवर बसलेला निवांत हसतो. बाबांच्या कीर्तनात आधी तोच चुळबुळ करायचा.

चोखोबांची समाधी पंढरीत महाद्वाराच्या पायरीशी. त्यांच्या लोकांना राऊळाचं दार उघडलं ते 1947 साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. बाबांनी त्याच्या कितीतरी आधी पंढरपुरात चोखोबांच्या नावानं धर्मशाळा बांधली होती. 1949 साली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हवाली केली. धर्मशाळा एवढ्या बांधल्या, पण स्वतः बाबा मुक्कामाला बाहेरच असायचे, खराटा उशाला घेऊन.