आवाळू

माझ्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, किंचित खाली, एक गाठ होती. 'होती' म्हणताना किती बरं वाटतंय! सुपारीएवढी होती तेव्हा लक्ष दिलं नाही, लिंबाएवढी झाली तेव्हा हाफ पँट घालणं सोडलं. अशी सात वर्षं काढली. "दुखत नाही ना, मग राहू दे," असं सगळ्यांना सांगायचो. खरं कारण भीती. सुरीची, आणि त्याहून जास्त गाठीचं नाव काय निघेल याची.

शेवटी डॉक्टरांनी दाबून, हलवून पाहिली, सोनोग्राफी केली आणि म्हणाले, "लायपोमा दिसतोय. चरबीची गाठ. काढून तपासायला पाठवू." म्हणजे आजी ज्याला आवाळू म्हणायची ते!

घरी येऊन सुश्रुतसंहितेचं भाषांतर उघडलं. त्यात मेदोज ग्रंथीचं वर्णन आहे : गुळगुळीत, मोठी, फारशी न दुखणारी, शरीराबरोबर वाढणारी आणि घटणारी. (माझी घटली नाही, ते सोडा.) पुढे गुडघ्याचं मर्म सांगितलंय. तिथे इजा झाली तर माणूस लंगडा होतो. डॉक्टरांनीही बजावलं होतंच, की त्या जागी हाडाला वळसा घालून एक मज्जातंतू जातो, तो दुखावला तर पाऊल वर उचलता येत नाही. झालं, पुन्हा पोटात गोळा.

पण भीतीतला खरा सोबती भेटला तो जेम्स व्हेनेबल. अमेरिकेत, जॉर्जियातल्या जेफरसन गावचा तरुण. मानेवर दोन गाठी. डॉक्टर क्रॉफर्ड लाँगकडे अनेकदा जाऊन आला, पण वेदनेच्या धास्तीने दर वेळी पुढे ढकललं. आणि त्याची धास्ती खोटी नव्हती, तेव्हा शुद्धीवर असतानाच कापत. गंमत म्हणजे मौजेखातर ईथर हुंगायची त्याला सवय होती. लाँगने तेच वापरायचं ठरवलं. ३० मार्च १८४२ला टॉवेलवर ईथर ओतून हुंगवलं आणि एक गाठ काढली. ती हातात दाखवेपर्यंत व्हेनेबलचा विश्वास बसेना! बिल झालं २ डॉलर. लाँगने हे छापलं मात्र १८४९मध्ये. तोवर बोस्टनला १६ ऑक्टोबर १८४६ रोजी ईथरचं जाहीर प्रात्यक्षिक होऊन गेलं होतं (तीही मानेवरचीच गाठ), आणि नाव त्याचं झालं.

माझ्या वेळी ईथर नव्हतं. १८८४मध्ये व्हिएन्नात कार्ल कोलरने कोकेनने डोळा बधिर करून दाखवला, १९४३मध्ये स्वीडनमध्ये लिग्नोकेन तयार झालं, आणि त्याच्याच इंजेक्शनवर माझं काम भागलं. सुई टोचली तेवढीच. मग नुसती ओढाताण जाणवत राहिली. मध्येच डॉक्टर म्हणाले, "पाऊल वर घ्या." घेतलं. इतक्या साध्या गोष्टीने डोळ्यांत पाणी येईल असं वाटलं नव्हतं.

"गाठ दाखवा ना," मी म्हटलं. पिवळीधमक, लोण्याच्या गोळ्यासारखी. दहा दिवसांनी रिपोर्ट आला : साधी चरबीची गाठ, कॅन्सर नाही.

व्हेनेबल दुसरी गाठ काढायला त्याच वर्षी जूनमध्ये पुन्हा हजर झाला. मी सात वर्षं जिला घाबरलो ती गाठ चाळीस मिनिटांत निघाली. असो. तुम्हीही एखादी गाठ पँटीखाली लपवली असेल, तर दाखवून या.