विसरत्या माणसांची घरे

स्मृतिभ्रंशाचा अभ्यास सुरू केला की विद्यार्थी आधी मेंदूपाशी पोचतो, आणि ते योग्यच आहे. 1906 साली आलोईस आल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी आपल्या एका स्त्री-रुग्णाच्या मेंदूत आढळलेले बदल मांडले, तिथून या विषयाला नवे वळण लागले. पण रत्नागिरी जिल्ह्यात हा विषय शिकायचा तर मेंदूइतकेच घरही वाचता आले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

2011च्या जनगणनेनुसार इथे हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या. कमावती माणसे मुंबईला, गावच्या घरी म्हातारीकोतारी. आईचे विसरणे फोनवर कळत नाही. गणपतीला चाकरमानी घरी येतो, ती एकच गोष्ट चौथ्यांदा विचारते, तेव्हा त्याच्या लक्षात येते. मग एक तर 'वय झालं, चालायचंच' म्हणून विषय संपतो, नाहीतर आईची रवानगी मुंबईला होते. या दुसऱ्या निर्णयात माया असते, पण कित्येकदा तोच अंगाशी येतो. पडवीतून न्हाणीघराकडे जाणारी वाट पायांना पाठ असते. डोंबिवलीच्या बंद खोलीत तीच बाई मध्यरात्री उठून कडी चाचपते, 'घरी जायचंय' म्हणते. आजार एका रात्रीत बळावलेला नसतो, आधार देणारी जागा सुटलेली असते.

आल्झायमरच्या आजारात नवे लक्षात ठेवणारा मेंदूचा भाग लवकर खचतो. हातांना लागलेल्या सवयी त्यामानाने बऱ्याच टिकतात. म्हणून नातवाचे नाव न आठवणारी आजी मे महिन्यात रातांब्यांची टोपली पुढे ठेवली की न सांगता फळे फोडते, बिया वेगळ्या काढते, साली सुपात पसरते. अशी कामे तिच्याकडून काढून घेऊ नयेत. 'ओळख पाहू, मी कोण?' ही परीक्षा मात्र बंद करावी. 'आई, मी तुझा धाकटा' असे आपणच सांगावे. कालनिर्णय नेहमीच्याच खिळ्याला असावे, चष्मा ठरल्या जागी, आणि परसातल्या विहिरीला जाळी.

प्रत्येक विसरणे म्हणजे स्मृतिभ्रंश नव्हे. बी-12ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य यांनीही माणूस विसरू लागतो, आणि त्यांवर उपचार आहेत. कौल लावायचा तर खुशाल लावा, पण रक्त तपासून घ्या. प्रादेशिक मनोरुग्णालय 1886पासून रत्नागिरी शहरातच आहे. नावाला बिचकून लोक तिथे उशिरा जातात, हे आपल्या समाजाचे दुर्दैव.

या अभ्यासात परिचारिका, आशाताई, सुना, शेजारी अशा सर्वांचे स्वागत आहे. पुढची प्रकरणे वाचण्याआधी एक करा : घरातल्या विसरत्या माणसाचा दिवस आठवडाभर वहीत टिपा. केव्हा उठतात, कशाने गोंधळतात, काय अजून बिनचूक जमते. ती वही पहिल्याच भेटीत डॉक्टरांपुढे ठेवा.