साखर कारखान्यातील झीज आणि धातुलेपन : सोलापूर जिल्ह्याच्या संदर्भात

सोलापूरचा औद्योगिक इतिहास बहुधा १८७४ मध्ये स्थापन झालेल्या कापड गिरणीपासून सांगितला जातो. तथापि यंत्रभागांची झीज आणि तिच्यावरील उपाय यांचा मागोवा घ्यावयाचा झाल्यास साखर कारखाना अधिक बोलका ठरतो. माळशिरस तालुक्यात माळीनगर येथे १९३२ मध्ये सासवड माळी शुगर फॅक्टरी, तर १९३४ मध्ये श्रीपूर येथील कारखाना चालविणारी बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट ही कंपनी स्थापन झाली. पुढे सहकाराच्या काळात जिल्हाभर धुराडी उभी राहिली आणि प्रत्येक गाळप हंगामाबरोबर रोलरची झीज हा खर्चाचा कायमचा विषय झाला.

तोपर्यंत युरोपात धातूचा फवारा मारण्याचे तंत्र सिद्ध झालेले होते. झुरिच येथील माक्स उलरिख शूप यांनी १९१० च्या सुमारास वितळलेला धातू हवेच्या दाबाने पृष्ठभागावर उडविण्याची पद्धत विकसित केली. लहान मुले भिंतीवर शिशाच्या गोळ्या झाडताना पाहून त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगतात. कथा रंजक आहे, एवढेच. या पद्धतीत थेंब पृष्ठभागावर आदळून चपटे होतात आणि खरखरीत केलेल्या भागात अडकून बसतात. मूळ धातू फारसा तापत नाही, म्हणून शाफ्ट वाकत नाही. ही पकड मात्र मुख्यतः यांत्रिक असते. दोन धातू वितळून एकजीव होत नाहीत.

साखर कारखान्यात या तंत्राला कोठे स्थान मिळाले आणि कोठे नाही, याचे उत्तर याच गुणदोषांत आहे. बेअरिंगमध्ये फिरणारा शाफ्टचा भाग, म्हणजे जर्नल, झिजल्यास तो लेथवर किंचित उतरवून फवाऱ्याने भरता येतो व पुन्हा मापात आणता येतो. पंपाच्या स्लीव्हचेही तसेच. यामुळे शाफ्टची गेलेली ताकद परत येत नाही, केवळ माप परत येते. परंतु महागडा शाफ्ट भंगारात जाण्यापासून वाचतो.

रोलरचा प्रश्न वेगळा होता. बिडाच्या शेलवरील दातांना आम्लधर्मी रस, उसाबरोबर येणारी माती आणि प्रचंड दाब एकाच वेळी सोसावा लागतो. मध्येच एखादा दगड किंवा लोखंडाचा तुकडाही येतो. तेथे फवाऱ्याचा पातळ थर उखडण्याची भीती अधिक. शिवाय दात गुळगुळीत झाल्यास ऊस घसरतो, मिल तो ओढून घेत नाही. म्हणून येथे आर्किंग रुजले. क्रोमियम कार्बाइडयुक्त इलेक्ट्रोडने दातांवर कठीण, ओबडधोबड ठिपके चढविले जातात, तेही पुष्कळदा मिल संथ फिरत असताना, ओल्या रोलरवर. लेपनशास्त्राच्या ग्रंथांत या कामाला फारसे स्थान नाही. वेल्डरच्या हातावरच ते टिकून आहे. थर सुबक नसणे हाच येथे गुण ठरतो.

१९५० च्या दशकात डिटोनेशन गन व प्लाझ्मा फवारा, तर १९८० च्या दशकात अतिवेगवान इंधन-ऑक्सिजन फवारा आला आणि लेपाची पकड व घनता बरीच वाढली. त्यामुळे बॉयलरच्या नळ्यांचे क्षेत्र खुले झाले. चिपाडाबरोबर भट्टीत जाणारी वाळू असो वा दगडी कोळशाची राख, वायूबरोबर वाहणारे कण नळ्या घासून पातळ करतात. सोलापूरजवळील एनटीपीसीच्या १,३२० मेगावॅट क्षमतेच्या केंद्रात ६६० मेगावॅटचे दोन संच २०१७ व २०१९ मध्ये व्यापारी तत्त्वावर सुरू झाल्याने राखेचा हा प्रश्न जिल्ह्यात आणखी मोठ्या प्रमाणावर आला. अशा नळ्यांवर जाड थर उष्णतेच्या वहनास अडथळा ठरतो. रोलरवर जो पातळपणा उणीव होता, तोच येथे उपयोगी पडतो.