हरणावर बार कोणता? : वऱ्हाडातील बंदूक, जंगल आणि शेत

ज्वारी निसवली, तूर फुलावर आली, की यवतमाळ जिल्ह्यात जागलीचे दिवस सुरू होतात. पुसद, उमरखेड, केळापूर, वणी, कुठेही जा. जंगलाच्या कडेचा शेतकरी रात्री मचाणावर असतो. हातात बॅटरी, शेजारी वाजवायला पत्र्याचा डबा. रोह्यांचा कळप एका रात्रीत तुरीची पात मोडून जातो, रानडुकरे भुईमूग उकरतात, आणि जंगल जवळ असेल तर चितळेही येतात. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी अशा मचाणावर क्वचित एखादी ठासणीची बंदूकही असे. तिच्यात काय भरायचे, छर्रे की एकच गोळी, यावर चावडीवर वाद रंगत. वरवर पाहता हा शिकारी मंडळींच्या गप्पांचा विषय. पण वाचकहो, थोडे खोलात गेलो तर त्या एका प्रश्नाच्या पोटात राज्य, कायदा, जंगल आणि शेत या चौघांचा इतिहास सापडतो. तो आज पाहू.

बंदूक आली त्याच्या कितीतरी आधीपासून वऱ्हाडात हरणाची शिकार होत होती. गोंड आणि कोलाम यांचे धनुष्यबाण होते, जाळी होती. काळवीट हे उघड्या माळावरचे जनावर. त्याची नजर तीक्ष्ण आणि पळ विजेसारखा. त्याच्या जवळ जाणे मोठे कठीण. फासेपारध्यांनी त्यावर आपला तोडगा काढला होता. माणसाळलेले गुरू पुढे घालून त्याच्या आडोशाने ते कळपाजवळ सरकत, आणि हरणांच्या वाटेवर फासांची रांग मांडत. या विद्येवरूनच जमातीला नाव पडले. तिच्यात आवाज नव्हता, दारूगोळ्याचा खर्च नव्हता. पुढे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का पारधी समाजालाही सोसावा लागला. तो कायदा देशातून १९५२ मध्ये गेला. शिक्का मात्र लोकांच्या मनातून इतक्या लवकर पुसला गेला नाही.

१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. त्या वेळी आजचा यवतमाळ जिल्हा या नावाने नव्हताच. पुढे वणीच्या नावाने जिल्हा झाला आणि १९०५ मध्ये तो यवतमाळ म्हणून ओळखला जाऊ लागला. इंग्रजी राज्याबरोबर दोन गोष्टी आल्या. एक, राखीव जंगल. दुसरी, बंदुकीचा परवाना. १८७८ हे साल शिक्षकांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहावे. त्या एकाच वर्षी हत्यारांचा कायदा झाला आणि जंगलाचाही कायदा झाला. हत्यारांच्या कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय बंदूक बाळगता येईना. युरोपियन लोकांना मात्र त्यातून सूट होती. जंगलाच्या कायद्याने गावाची कुरणे आणि झाडी सरकारच्या हद्दीत गेली. म्हणजे काय झाले पाहा : जंगल सरकारचे, जंगलातले जनावर सरकारच्या हुकमातले, आणि त्या जनावराने खाल्लेले पीक मात्र शेतकऱ्याचे! १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळ राखीव रानातले गवत कापून जंगल सत्याग्रह केला. त्याच्या मुळाशी हाच सल होता.

आता पुन्हा बंदुकीकडे वळू. ठासणीची बंदूक, म्हणजे जिला आपल्याकडे भरमार म्हणतात, ती तोंडाकडून भरायची. आधी दारू, तिच्यावर डाट, मग गोळी किंवा छर्रे, पुन्हा डाट, आणि गजाने सगळे ठासायचे. कानावर टोपी बसवली की बार तयार. नळी आतून गुळगुळीत. अशा नळीतून सुटलेली गोळी गरगर फिरत नाही, म्हणून लांबवर सरळ जात नाही. रायफलीच्या नळीत आतून पिळाचे आटे असतात. ते गोळीला भोवऱ्यासारखे फिरवतात आणि भोवरा जसा तोल धरतो तशी ती गोळी आपली दिशा धरते.

नेम आणि गोळी यांचा हा विचार मध्य हिंदुस्थानच्या जंगलांत बसून एका माणसाने फार बारकाईने केला होता. त्याचे नाव कॅप्टन जेम्स फोर्सिथ. सातपुड्यातल्या पचमढीशी त्याचे नाव जोडलेले आहे. १८६३ साली त्याने शिकारीची रायफल आणि तिच्या गोळ्या यांवर एक पुस्तकच लिहिले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : जंगलात सांबर कधी पन्नास पावलांवर उठते, कधी शंभरावर, अंतर मोजायला सवड कुठली? तेव्हा गोळी अशी हवी की जी मध्ये फारशी खाली येणार नाही. त्यासाठी त्याने गोल गोळी, भरपूर दारू आणि अगदी सावकाश पिळाचे आटे असा मेळ सुचवला. पुढे मागून भरायच्या रायफली आणि लांबट गोळ्या आल्या आणि ही पद्धत मागे पडली. पण जनावर, अंतर आणि गोळी या तिघांचा एकत्र विचार करण्याची त्याची रीत मागे पडली नाही.

रायफल गोऱ्या साहेबाच्या आणि राजेरजवाड्यांच्या हाती राहिली. गावच्या पाटलाकडे किंवा मालगुजाराकडे आली ती बारा बोअर. या 'बारा'चा अर्थ पुष्कळांना ठाऊक नसतो. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअर. मुलांकडून हे गणित करवून घ्या. पौंड म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम. बाराने भागले की एक गोळी सुमारे ३८ ग्रॅमची आली. आता मोठे छर्रे घ्या. इंग्रजी मापात ज्यांना एल.जी. म्हणतात ते एका औंसात सहा, आणि एस.जी. आठ. औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम, म्हणजे एस.जी.चा एक दाणा साडेतीन ग्रॅमचा. एकीकडे ३८, दुसरीकडे साडेतीन!

मग लोक छर्रे का भरत? कारण छर्रा पसरतो, आणि नेम थोडा चुकला तरी एखादा दाणा लागतोच. खरी गोम इथेच आहे. जवळच्या अंतरावर सात-आठ दाणे एकत्र बसले तर हरीण जागेवर पडे. पण चाळीस पावलांच्या पुढे पसारा वाढतो. एक दाणा पोटात, एक मांडीत. हरीण पडत नाही, पळते. दोन दिवसांनी गिधाडे घिरट्या घालू लागली की गावाला कळायचे. शेतकऱ्याचे पीक वाचले नाही, शिकाऱ्याला मांस मिळाले नाही, आणि मुके जनावर मात्र हालहाल होऊन मेले. म्हणूनच जाणते शिकारी सांगत, हरणावर छर्रा नको. एक गोळी भरा, जवळ जा, नाहीतर बार काढू नका.

ही एक गोळी गुळगुळीत नळीतून सरळ कशी जावी, यासाठी जगभर डोकी खपली. कर्नल फॉसबेरी याने १८८५ साली नळीच्या फक्त तोंडाशी आटे पाडण्याची युक्ती काढली. त्या बंदुकीला 'पॅराडॉक्स' म्हणत. जर्मनीत विल्हेल्म ब्रेनेके याने १८९८ साली शेपटीला नमद्याचा डाट जोडलेली गोळी केली. तिचे डोके जड आणि शेपूट हलके, त्यामुळे बाणासारखी ती तोंड पुढे ठेवूनच जाते. अमेरिकेत कार्ल फॉस्टर याने १९३१ च्या सुमारास मागून पोकळ असलेली गोळी केली. अशा गोळीला तिकडे 'स्लग' म्हणतात. एक सावधगिरी मात्र हवी असे. अनेक दुनळी बंदुकांची एक नळी तोंडाशी आवळलेली, म्हणजे चोक असलेली असते. त्या नळीत मापाबाहेरची घट्ट गोल गोळी घातली तर नळी फुगण्याची, फाटण्याचीही भीती. आपल्याकडे काडतुसे पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यात होत आली आहेत. तो कारखाना १८६९ चा.

आणि या साऱ्या अनुभवाचा पुढे कायदा झाला. जर्मनीच्या १९५२ च्या शिकार कायद्याने खूर असलेल्या जनावरांवर छर्रे झाडायला बंदी घातली. जे आपल्या चावडीवर म्हातारे शिकारी सांगत, तेच तिथे कलम होऊन आले.

आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर १९५९ चा हत्यार कायदा आला. त्यात शेतकऱ्याचा स्पष्ट उल्लेख आहे : पिकाच्या खऱ्याखुऱ्या रक्षणासाठी ठासणीची बंदूक, आणि ती पुरेशी नाही असे अधिकाऱ्याला पटले तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक. पण बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे, हे ध्यानात ठेवा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाच्या हौशी शिकारीला आळा बसला. काळवीट आणि चिंकारा पहिल्या अनुसूचीत गेले. ते पीक खातात एवढ्यावरून त्यांना मारण्याची परवानगी मिळत नाही. रोही आणि रानडुक्कर यांच्याबाबत, उभ्या पिकाला धोका झाला असेल तर अधिकारी कारणे नमूद करून लेखी हुकूम देऊ शकतो. त्या लेखी हुकमाशिवाय काढलेला बार हा गुन्हाच.

कोणी म्हणेल, मग शेतकऱ्याने करायचे काय? प्रश्न रास्त आहे, आणि १८७८ पासून तो तसाच उभा आहे. पण त्याला जे चोरटे उत्तर अलीकडे विदर्भात शोधले जाते, कुंपणात विजेचा जिवंत प्रवाह सोडण्याचे, ते छर्र्यापेक्षाही वाईट. छर्रा निदान एका दिशेने जातो. तार कोणालाच ओळखत नाही. तिच्यावर रोही मरतो तसा टिपेश्वरकडून फिरत आलेला वाघही मरतो, आणि पहाटे पाणी द्यायला गेलेला शेजारीही मरतो.

एक दाणा पोटात घेऊन रानात मरायला गेलेले हरीण आणि रात्रभर जागून सकाळी मोडलेली तूर पाहणारा शेतकरी, दोघांचेही दुःख खरे आहे. शिक्षकांनी गावातल्या वृद्धांना ठासणी, डाट, गज, टोपी, जागल या शब्दांच्या गोष्टी विचाराव्यात आणि मुलांकडून त्या लिहून घ्याव्यात. शेतकऱ्यांनी नुकसान झाले की पंचनामा आणि लेखी अर्ज यांचा कंटाळा करू नये. गावाने मिळून केलेला अर्ज एकट्याच्या अर्जापेक्षा जड पडतो. बंदुकीची भाषा जाणणाऱ्या जुन्या माणसांचा नियम साधा होता : ज्याची खात्री नाही तो बार काढायचा नाही. तोच आजही पुरे आहे.