साताऱ्याच्या प्रियाची जन्मकुंडली कुठाय?

मंडळी, जरा वेगळा विषय आहे, पण आपल्याच भागाचा आहे. शेवटपर्यंत वाचा.

अमेरिकेत साठच्या दशकातल्या आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीच्या दणकट इंजिनाच्या गाड्यांना 'मसल कार' म्हणतात. प्लायमाउथ कंपनीची 1971 ची हेमी 'कुडा घ्या. 425 हॉर्सपॉवरचं इंजिन, आणि उघड्या टपाच्या अशा गाड्या बनल्या जेमतेम 11. त्यातली एक 2014 साली 35 लाख डॉलरला गेली. आता पन्नास वर्षांनी एखादी गाडी खरी की साध्या गाडीला हेमी इंजिन बसवून सजवलेली, हे तिथले लोक ठरवतात कसं? कारखान्यात गाडी जोडताना तिच्यासोबत एक कागद फिरायचा, इंजिन कुठलं, रंग कुठला, सीट कुठलं ते सांगणारा. कामगार तो कधी कधी सीटच्या स्प्रिंगमध्येच खुपसून ठेवायचे. आजही जुनं सीट उसवलं की तो निघतो. फोर्डने तर 1967 पासूनच्या गाड्यांची नोंद जपलीय, ठराविक फी भरली की तुमच्या गाडीचा दाखला मिळतो.

आणि आपल्याकडे? प्लायमाउथ आपल्याला परकी नव्हती बरं का. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी क्रायस्लरशी करार करून 1944 साली प्रीमियर कंपनी काढली, आणि कुर्ल्याच्या कारखान्यात 1947 पासून डॉज, प्लायमाउथ जोडल्या जाऊ लागल्या. सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजला नाव आहे ते याच वालचंदांचं. पण अमेरिकेत मसल कारची शर्यत चालू असताना आपल्याकडे परमिट राज होतं. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी 'मीरा' नावाची छोटी कार स्वतः बनवून रस्त्यावर चालवून दाखवली, तरी ती कारखान्यातून कधी बाहेर पडली नाही. मीरावर स्वतंत्र लिहीन कधीतरी.

आपल्या भागाची खरी गाडी म्हणजे प्रिया. बजाज आणि राज्य सरकारचं पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांनी मिळून 1975 साली महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी काढली. महामंडळाचे 27 टक्के, बजाजचे 24. कारखाना आपल्या साताऱ्यात. बजाजचा पियाजिओशी असलेला करार 1971 मध्येच संपला होता, पण यंत्राचं घराणं वेस्पाचंच. 150 सीसी, टू-स्ट्रोक, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, चालू नाही झाली तर एका बाजूला कलती करून किक मारायची. ज्यांनी मारलीय त्यांना सांगायला नको.

त्या काळात स्कूटरची विक्री सरकारी नियंत्रणात होती, 1960 चा आदेश होता तसा. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं थांबायचं. परदेशातून डॉलरमध्ये पैसे आले तर मात्र गाडी लवकर. नंबर लागलेली नवी गाडी शोरूमबाहेरच जास्त भावाने विकली जायची. लग्नाच्या बैठकीत स्कूटरचा विषय निघायचा. हे आपल्या घराघरातलं आहे, त्यामुळे जास्त लिहीत नाही.

2006 च्या सुमारास स्कूटर बनणं थांबलं. आणि इथून पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. महामंडळाने आपला 27 टक्के हिस्सा बजाजला विकायचं ठरवलं. किंमत किती, यावर वाद. लवादाने जानेवारी 2006 मध्ये शेअरला 151 रुपये 63 पैसे ठरवले, म्हणजे सगळे मिळून साधारण 47 कोटी. सरकारी बाजूला ते कमी वाटलं, प्रकरण कोर्टात. हायकोर्टाच्या एका न्यायाधीशांनी 2010 मध्ये निवाडा रद्द केला, खंडपीठाने 2015 मध्ये तो परत कायम केला, सुप्रीम कोर्टाचा निकाल 2019 च्या जानेवारीत. तोवर शेअरचा बाजारभाव हजारांत गेला होता! लवादाचा आकडा कायद्याने बरोबर ठरला, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण तेरा वर्षं हा हिशेब चालला तेव्हा साताऱ्यात त्याची किती चर्चा झाली? कंपनी आजही शेअर बाजारात आहे, बजाजच्या कंपन्यांचे शेअर सांभाळते. स्कूटर गेली, शेअर राहिला.

आता मुद्द्याचं. केंद्राने जुलै 2021 मध्ये व्हिंटेज वाहनांचे नियम काढलेत. पन्नास वर्षांवरची दुचाकी किंवा चारचाकी, मूळ रूपात असेल, तर तिला 'व्हीए' मालिकेचा वेगळा नंबर मिळतो. नव्या नोंदणीला 20 हजार रुपये, दहा वर्षांसाठी. रोजच्या वापराला ती चालत नाही, प्रदर्शन, रॅली वगैरेला चालते. 1975 ची कंपनी, म्हणजे साताऱ्याच्या पहिल्या प्रिया आत्ताच पन्नाशीला टेकतायत. पण आधी नोंदणी झालेल्या गाडीला जुनं आरसी बुक लागतं. आणि आपल्याकडची आरसी बुकं भिजलेली, वाळवीने खाल्लेली, किंवा गाडी तीनदा विकून नाव पहिल्याच मालकाचं. एमएच-11, एमएच-10 च्या आधीचे तीन अक्षरी नंबर, त्यांच्या नोंदी हाती लिहिलेल्या रजिस्टरात. संगणकात चढल्या नसतील तर खेटे घाला.

मिरजेतल्या एका जुन्या मिस्त्रींनी मला सांगितलं, प्रिया भंगारात आली की पहिलं इंजिन काढतात, शेतात काहीतरी चालवायला. मग चेसिस कापतात. म्हणजे अस्सलपणाचे दोन्ही पुरावे, इंजिन नंबर आणि चेसिस नंबर, वेगवेगळ्या दिशेला गेले.

म्हणून एक काम करूया. ज्यांच्या घरी प्रिया आहे किंवा होती, त्यांनी आरसी बुक, बुकिंगची पावती, शोरूमचं बिल, जे असेल त्याचे फोटो पाठवा. नाव-पत्ता झाका, फक्त साल, चेसिस आणि इंजिन नंबरचे पहिले काही आकडे दिसू द्या. कारखान्यात काम केलेले कुणी असतील, तर वर्षाला नंबर कसे टाकायचे ते त्यांनाच माहीत. त्यांच्याशी मला बोलायचंय, साताऱ्यात कुठेही येतो. जमलेली यादी इथेच टाकेन.